कृष्णधवल प्रिंट आणि बसून राहणारा प्रिंटर

लेखमाला : घरातली छायाचित्रं
लेखांक ७

मागच्या दोन लेखांकांत जुन्या निगेटिव्ह आणि पिवळट पडलेल्या प्रिंट स्कॅन कशा करायच्या ते पाहिलं. स्कॅन झाल्या की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता घरीच छापायचं तर प्रिंटर कुठला घेऊ? एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, दुकानदार तेच करतो. त्याआधी उलटा प्रश्न विचारायला हवा : वर्षाकाठी किती प्रिंट काढणार? उत्साहाच्या भरात सुचेल तो आकडा सांगू नका. गेल्या वर्षभरात बाहेरून किती प्रिंट करून आणल्या, तेवढाच धरा.

उत्तर बहुधा येतं, "अधूनमधून." आजोबांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असतो, मावशीच्या पंच्याहत्तरीला तिच्या लग्नातला फोटो द्यायचा असतो, आपण स्वतः काढलेल्यांतला एखादा जमून आला तर तो हातात धरून बघायचा असतो. सगळं कृष्णधवल आणि सगळं अधूनमधून. मेख इथेच आहे. कृष्णधवल प्रिंट मनासारखी हवी तर प्रिंटरात शाया जास्त लागतात, आणि शाया जितक्या जास्त तितका तो प्रिंटर बसून राहिला की नखरे करतो. दोन्ही गरजा एकमेकींच्या उलट ओढतात. दुकानात चर्चा होते ती पहिलीची, पैसे जातात ते दुसरीपायी.

काळ्या-पांढऱ्या फोटोला आठ-दहा शाया कशाला, एक काळी पुरे की, असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या प्रिंटरात एकच काळी शाई आहे त्याच्यापाशी करडा रंग नसतोच. त्याच्यापाशी असतो थेंब. तो कागदावर पडतो किंवा पडत नाही. चांगल्या फोटो-प्रिंटरचा सगळ्यात लहान थेंब 1.5 पिकोलिटरच्या आसपास असतो, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. हे थेंब दाट टाकले की काळं, विरळ टाकले की करडं. काळा कोट, केस, माजघरातला अंधारा कोपरा या छटा यातून छान निघतात. अडचण उजळ भागात येते. आजीचं कपाळ, पांढऱ्या धोतराच्या चुण्या, ढगाळ आकाश इथे इतका फिका करडा हवा असतो की थेंब एकमेकांपासून लांब टाकावे लागतात, आणि मग तांदळावर तीळ सांडल्यासारखे ते सुटे सुटे दिसू लागतात. लांबून फोटो बरा वाटतो, हातात घेतला की चेहरा खरखरीत.

यावर प्रिंटरचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, एक पळवाट काढतं. सायन, मजेंटा आणि पिवळी या तीन शाया मोजूनमापून एकत्र टाकून ते करडा रंग बनवतं. काळ्या एका थेंबाच्या जागी फिक्या रंगांचे अनेक थेंब पडतात, चेहरा मऊ दिसतो. सहा शायांच्या काही प्रिंटरांत फिकी सायन आणि फिकी मजेंटा असते, तिथे हे आणखी नीट जमतं. पण तीन रंगांचा तोल फार नाजूक असतो. मजेंटा जराशी कमी पडली की चेहरा हिरवट, सायन कमी पडली की तांबूस, पिवळी कमी पडली की निळसर. रंगीत फोटोत एवढ्यातेवढ्या फरकाकडे डोळा कानाडोळा करतो. तिथे साडी असते, झाडं असतात, लक्ष विभागलेलं असतं. कृष्णधवलात रंग नसणं हीच अट असल्यामुळे आलेली छटा लगेच खटकते.

त्यातून तोल साधला तरी तो एका उजेडापुरता. खिडकीपाशी धरून पाहिलेली प्रिंट अगदी स्वच्छ करडी दिसते, आणि रात्री बैठकीच्या खोलीतल्या एलईडीखाली तीच गुलाबी किंवा शेवाळी झाक मारते. दिव्यादिव्यातल्या प्रकाशाची घडण वेगळी असते आणि तीन रंगांच्या शाया त्या प्रकाशाला तीन तऱ्हांनी परतवतात, म्हणून हे होतं. याला मेटामेरिझम म्हणतात. प्रिंट बिघडलेली नसते, दुकानदारही फसवत नसतो. रंगांतून करडा बनवायचा म्हटलं की हे आलंच.

तिसरा मार्ग सरळ आहे : काळी शाईच पातळ करायची. एक गडद काळी, एक करडी, जमल्यास त्याहून फिकी आणखी एक करडी, अशा शाया वेगवेगळ्या ठेवल्या की उजळ भागातही थेंब दाट टाकता येतात आणि रंगीत शायांची मदत चवीपुरती लागते. चवीपुरती तरी लागतेच, कारण टिकाऊ काळ्या शायांतलं कार्बनचं रंगद्रव्य कागदावर मुळात किंचित तपकिरी दिसतं. ते तटस्थ करायला थोडी सायन-मजेंटा घालावी लागते. पण छटेचा मुख्य भार काळ्याच कुटुंबावर असल्यामुळे दिवा बदलला तरी प्रिंट फारशी रंग बदलत नाही. प्रिंटर निवडताना शायांची नुसती संख्या बघू नका. त्यांत करड्या किती, ते बघा.

आर्टगॅलरीत लावण्याजोग्या इंकजेट प्रिंटची सुरुवातच मुळी कृष्णधवलापासून झाली, हे इथे सांगायला हवं. ग्रॅहॅम नॅश हा 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश' या बँडमधला गायक. छायाचित्रं काढणं आणि जमवणं हे त्याचं दुसरं वेड. 1990 च्या सुमारास त्याला स्वतः काढलेल्या कृष्णधवल व्यक्तिचित्रांच्या मोठ्या प्रिंट हव्या होत्या. त्या काळी आयरिस 3047 नावाचं एक यंत्र होतं, छापखान्यात मोठी छपाई सुरू करण्याआधी रंगांचा नमुना बघायला वापरायचं. नॅशने ते 1,26,000 डॉलरला विकत घेतलं. त्यात जाड आर्ट पेपर जाईना. मग त्याचा सहकारी मॅक होल्बर्टने करवत घेऊन यंत्राचा भाग कापला आणि जाड कागदाला वाट करून दिली. वॉरंटी तिथेच संपली. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला त्यांनी 'नॅश एडिशन्स' हा छपाई-स्टुडिओ काढला, आणि ते करवतीने कापलेलं यंत्र आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. त्या यंत्राच्या सुरुवातीच्या शाया मात्र उजेडात लवकर उडायच्या. एवढं महागडं यंत्रही टिकाऊपणाच्या बाबतीत कच्चंच होतं.

घरगुती प्रिंटरात करडी शाई यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. 2003 मध्ये एचपीने फोटोस्मार्ट 7960 आणला. त्यात 59 क्रमांकाचं एक खास कार्ट्रिज बसायचं आणि त्यात फक्त काळी, गडद करडी आणि फिकी करडी. गंमत अशी की अधूनमधून छापणाऱ्यासाठी याच्याइतकी सोयीची योजना नंतर कुणी केली नाही. एचपीच्या त्या कार्ट्रिजमध्येच छपाईचं हेड असायचं. शाई वाळून हेड चोक झालं तर कार्ट्रिज काढून टाका, नवं बसवा, प्रिंटर पुन्हा नव्यासारखा. पण कार्ट्रिज महाग, ग्राहक थोडे. कंपनीने पुढे घरगुती फोटो-प्रिंटरांतून बराचसा हात आखडता घेतला. 2005 मध्ये एपसनने तीन काळ्या पातळ्यांची 'अल्ट्राक्रोम के3' शाई आणली आणि ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलासाठी वेगळा मोड दिला. त्यात प्रिंट तटस्थ हवी, उबदार हवी, थंड हवी की सेपिया, हे निवडता येतं. आज एपसनच्या पी-700, पी-900 मध्ये आणि कॅननच्या प्रो-300 मध्ये आहे ते याच वाटेवरचं पुढचं काम. (मॉडेलचा शेवटचा आकडा देशागणिक बदलतो आणि नव्या आवृत्त्याही येत राहतात, तेव्हा नावापेक्षा शायांची यादी ताडून बघा.) या तिन्हींत दहा-दहा शाया आहेत. एपसनच्या दोन्हींत करड्या दोन, कॅननच्या प्रो-300 मध्ये एक.

आता दुसरी गरज. प्रिंटर बसून राहणार आहे.

इंकजेटचं हेड म्हणजे केसाहून बारीक छिद्रांच्या रांगा. काम नसताना हेड एका कोपऱ्यात रबरी टोपीवर जाऊन बसतं आणि छिद्रं झाकली जातात. तरी महिना-दोन महिने काही छापलं नाही तर तोंडाशी शाई घट्ट होते. बाजारात याला "हेड चोक झालं" म्हणतात आणि ते ऐकलं की समजावं, खर्च आला. प्रिंटर स्वतःहून साफसफाई करतो, म्हणजे शाई जोराने ओढून फेकतो. ती शाई आपलीच असते. एक तर आतल्या स्पंजात जाते किंवा मेंटेनन्स बॉक्स नावाच्या डबीत. दहा शायांच्या प्रिंटरात साफसफाई म्हणजे बहुतेकदा दहाही शायांची, मग चोक एकच छिद्र का असेना. कॅनन प्रो-300 चं एकेक कार्ट्रिज 14.4 मिलिलिटरचं, एपसन पी-700 चं 25 मिलिलिटरचं. वर्षाला मोजक्या प्रिंट काढणाऱ्याच्या घरी या शाईतला मोठा वाटा फोटोवर पडतच नाही. प्रिंटर जिवंत ठेवण्यातच ती संपते.

इथे आपल्या घरांतली एक सवय नडते. कामं आटोपली की भिंतीवरची बटणं बंद करणं, हा वीज वाचवण्याचा संस्कार आपल्यात मुरलेला आहे. प्रिंटरच्या बाबतीत तो घातक आहे. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा लागतो. तेव्हा हेड सरकत जाऊन टोपीवर बसतं, "कट्" असा आवाज येतो, मग दिवा विझतो. त्याआधीच भिंतीवरचं बटण दाबलं आणि हेड मध्येच राहिलं, तर छिद्रं उघडीच वाळत राहतात. उलट बाजूने, रोज मेन स्विचवरून चालू-बंद केलं तर अनेक प्रिंटर दर वेळी थोडी साफसफाई करून शाई उडवतात. घरातल्या सगळ्यांना हे एकदा सांगून ठेवा, नाहीतर त्या बटणावर चिठ्ठी चिकटवा.

हवामानाचाही संबंध आहे. चंद्रपूर-नागपूरकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई झपाट्याने वाळते, तिथे प्रिंटर खिडकीपाशी किंवा गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हेडला त्रास कमी, पण कागद ओल धरतो, कडा वळतात आणि वळलेली कड हेडला घासते. फोटोचा कागद पाकिटातून काढून ट्रेमध्ये महिनोन्महिने ठेवणं तिथे परवडत नाही. हवे तेवढे कागद काढावेत, बाकीचं पाकीट बंद.

हेडचेही दोन प्रकार आहेत आणि ते माहीत असणं फायद्याचं. एपसनच्या हेडमध्ये विजेच्या दाबाने आकुंचन-प्रसरण पावणारे पिझो स्फटिक शाई ढकलतात. हे हेड प्रिंटरच्या आयुष्यभरासाठी असतं. ते कायमचं चोक झालं तर बदलण्याचा खर्च ऐकून लोक नवा प्रिंटर घेतात. कॅनन आणि एचपीत शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याने थेंब उडवला जातो. कॅनन या शोधाची गोष्ट अशी सांगते : 1977 मध्ये प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली. या पद्धतीचं हेड झिजतं लवकर, पण कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ते घरच्या घरी काढून नवं बसवता येतं. अधूनमधून छापणाऱ्याला हा दिलासा मोठा आहे.

डाई की पिगमेंट, हा पुढचा पेच. डाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो कागदात मुरतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिसूक्ष्म कण, ते कागदाच्या वरच्या थरावर बसतात. टिकाऊपणात पिगमेंट निर्विवाद पुढे. डाई उजेडाने उडते, हवेतल्या ओझोननेही उडते. 2000 साली एपसनने टिकाऊपणाची जाहिरात करून आणलेल्या स्टायलस फोटो 1270 च्या प्रिंट काही ग्राहकांकडे थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागल्या, कारण त्या ठरावीक ग्लॉसी कागदावर ओझोन सायन शाई खात होता. तीन रंगांतून बनवलेल्या कृष्णधवल फोटोतून सायन गेली की काय उरेल, ते वर सांगितलंच आहे. त्यानंतर डाई शाया पुष्कळ सुधारल्या, आणि काचेआड लावलेली प्रिंट हवेपासून वाचते. उलट, बसून राहण्याच्या बाबतीत डाई सोसते. तिच्यात तळाशी बसणारे कण नसतात आणि वाळली तरी साफसफाईत लवकर विरघळते.

माझं मत विचाराल तर अधूनमधून छापणाऱ्याने टिकाऊपणाचा फार बाऊ करू नये. मूळ निगेटिव्ह आहे, स्कॅन आहे, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी आहेत. मग भिंतीवरची प्रिंट दहा-बारा वर्षांनी फिकी पडली तर दुसरी काढता येईल. विकायची असेल किंवा प्रदर्शनात लावायची असेल तर पिगमेंटच हवी, तिथे तडजोड नाही.

मग घ्यावं काय? घरात ऑफिसच्या कामाचा चार शायांचा टँक प्रिंटर आधीच असेल तर त्यावर एक प्रयोग जरूर करा, पण भिंतीवर लावायच्या प्रिंटची आशा ठेवू नका. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डाईच्या असतात. ती काळी मजकुरासाठी; ग्लॉसी फोटो-कागदावर ती नीट बसत नाही, म्हणून ड्रायव्हर तिला बाजूला ठेवून तीन रंगांतूनच काळा बनवतो. बाटली भरून काळी शाई समोर दिसत असते आणि फोटोतला काळा मात्र मातकट येतो, त्याचं कारण हे.

फोटोसाठी म्हणून विकले जाणारे एपसनचे एल-8050, एल-18050 यांत सहा शाया आहेत, पण त्या काळी, सायन, मजेंटा, पिवळी, फिकी सायन आणि फिकी मजेंटा. रंगीत फोटोला झकास. करडी एकही नाही, तेव्हा कृष्णधवल छापाल तर रंगांच्या तोलाचाच खेळ. सहा शाया म्हणजे कृष्णधवल चांगलं येणार, असं काउंटरवर ठासून सांगितलं जातं, म्हणून ही यादी एकदा स्वतः वाचावी. याउलट एपसनच्या एल-8160 आणि ए3+ आकाराच्या एल-8180 मध्ये (अमेरिकेत यांनाच ईटी-8500 आणि ईटी-8550 म्हणतात) करडी शाई आहे, फोटोसाठी डाईची काळी आहे आणि मजकुरासाठी पिगमेंटची काळी वेगळी. कॅननच्या जी-570, जी-670 मध्येही सहांतली एक करडी आहे, एक लाल.

मला या वर्गातले प्रिंटर अधूनमधूनवाल्यांसाठी सगळ्यात व्यवहार्य वाटतात, आणि कारण प्रिंटच्या दर्जाचं नाही. एल-8160, एल-8180, जी-670 यांवर स्कॅन होतं, झेरॉक्स होते, तिकिटं, मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट, सोसायटीच्या नोटिसा सगळं निघतं. फोटो महिन्यात एखादाच असला तरी प्रिंटर रोज-दोन रोजांनी चालतो. साध्या कागदावरच्या मजकुराला करडी शाई लागत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी एक नोझल चेक काढावा. नोझल चेक म्हणजे बारीक रेघांच्या पायऱ्या छापलेलं पान. पायरी तुटलेली दिसली तरच साफसफाई करायची, उगाच नाही. पिवळ्या पायऱ्या पांढऱ्या कागदावर डोळ्यांना दिसत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर गडद निळं चित्र उघडून त्या उजेडात पान धरलं की पिवळं काळपट दिसतं आणि तुटलेली जागा कळते. शाईही बाटलीतून ओतायची असल्यामुळे वाया गेली तरी कार्ट्रिजइतकी जिवाला लागत नाही. बाजारातल्या स्वस्त 'कंपॅटिबल' शायांच्या मोहात मात्र पडू नका. रंगीत फोटोत त्या खपून जातात, करड्यात त्यांची छटा पहिल्याच प्रिंटला बाहेर येते.

पी-700 किंवा प्रो-300 दर आठवड्याला छापणाऱ्याने घ्यावा. तिथे जाड सुती कागद जातो, करड्याच्या छटा अप्रतिम येतात, आणि काळा इतका खोल येतो की डार्करूम केलेल्या माणसालाही तक्रारीला जागा राहत नाही. पण आठवड्याला एक प्रिंट ही अट पाळता येणार नसेल तर तो पाहुण्यांना दाखवायचा प्रिंटर होतो. मधला एक पर्याय कॅननचा प्रो-200 : आठ शाया, सगळ्या डाईच्या, त्यांत काळी, करडी आणि फिकी करडी अशा तीन. ज्याला ए3+ पर्यंत मोठ्या कृष्णधवल प्रिंट हव्यात, पिगमेंटचे सोपस्कार नकोत आणि कार्ट्रिजचा खर्च झेपतो, त्याने आधी याच्याकडे बघावं.

लेझर प्रिंटरबद्दलही विचारलं जातं. ते वर्षभर बसले तरी बिघडत नाहीत, टोनर कोरडी पूड असते. पण फोटोच्या छटा ते जाळीच्या ठिपक्यांतून दाखवतात आणि फोटो वर्तमानपत्री दिसतो. स्कॅनांची यादी म्हणून एका पानावर वीस छोटे फोटो काढायला उत्तम.

बसून राहण्याला खरोखर न घाबरणारा फोटो-प्रिंटर एकच प्रकारचा : डाय-सब्लिमेशनचा. घरगुती वापरात कॅननचा सेल्फी सीपी-1500 हा त्यातला ओळखीचा. त्यात ओली शाईच नाही, रंगाचा थर दिलेली फीत असते, आणि उष्णतेने तो रंग कागदात उतरतो. छापताना पाहणं ही एक मौज आहे. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. पहिल्या फेरीत आजोबा पिवळे बाहेर येतात, दुसरीत मजेंटा चढून लालसर होतात, तिसरीत सायन चढली की अचानक कृष्णधवल होतात, आणि चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर बसतो. सहा महिने कपाटात ठेवून काढला तरी पहिली प्रिंट तशीच. 108 प्रिंटचा कागद आणि फिती एकत्र मिळतात, म्हणून दर प्रिंटचा खर्च आधीच ठरलेला. मर्यादा दोन. आकार 100 × 148 मिलिमीटर, पोस्टकार्डाएवढा, त्याहून मोठी प्रिंट नाही. आणि काळा तीन रंगांतूनच येत असल्यामुळे करड्यात किंचित झाक राहते. पाकिटातून नातेवाइकांना वाटायच्या फोटोंना ती चालून जाते. एक सावधगिरी : वापरलेल्या फितीवर प्रत्येक फोटोची छबी शिल्लक राहते. घरगुती किंवा खासगी फोटो असतील तर फीत तशीच कचऱ्यात टाकू नका, कापून टाका.

आणि वर्षाला दहा-पंधराच प्रिंट असतील तर प्रिंटर घेऊच नका. हे सांगितलं की लोक हिरमुसतात, पण हिशेब तसाच आहे. तेवढ्या पैशांत चांगल्या लॅबकडून कित्येक वर्षांच्या प्रिंट होतील. लॅब मात्र पारखून घ्या. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत बहुधा मिनीलॅबची रंगीत कागदावरची प्रिंट मिळते. तो कागद रंगीतसाठीच बनलेला. रसायनांचा समतोल जरा ढळला की कृष्णधवल फोटो हिरवट किंवा जांभळट येतो. पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत पिगमेंट शाईने आर्ट पेपरवर छापणाऱ्या लॅब आहेत. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : शाई पिगमेंटची का, करड्या शाया किती, आणि छपाई कृष्णधवल मोडमध्ये करता की रंगीत मोडमध्येच. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर मोठी ऑर्डर देऊ नका, आधी एक छोटी प्रिंट करून बघा.

फाइल देताना किंवा घरी छापताना दोन गोष्टी सांभाळा. 8 × 10 इंची प्रिंटला इंचाला 300 या हिशेबाने 2400 × 3000 पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वासात मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. कॅमेऱ्यापेक्षा स्कॅनचा दर्जा इथे जास्त मोलाचा. दुसरी गोष्ट पडद्याची. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो दुरुस्त केला की प्रिंट काळवंडलेली येते आणि दोष प्रिंटरला दिला जातो. पडद्यावरचं कोरं पांढरं पान आणि शेजारी धरलेला कोरा कागद साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत उजेड कमी करा, मगच छटा ठरवा.

नवा असो वा जुना, प्रिंटर घ्यायच्या आधी एक चाचणी मागून घ्या. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारी करडी पट्टी आणि तिच्या शेजारी एखादा ओळखीचा चेहरा, अशी फाइल पेनड्राइव्हवर न्या. दुकानदाराने दाखवायला काढलेला पोपटाचा किंवा फुलांचा फोटो तुमच्या कामाचा नाही. आपली फाइल फोटो-कागदावर छापून घ्या, एकदा रंगीत मोडमध्ये आणि एकदा ग्रेस्केल किंवा कृष्णधवल मोडमध्ये, कारण कुठल्या मोडमध्ये कुठली शाई वापरायची हे मॉडेलागणिक बदलतं. प्रिंट दुकानातल्या दिव्याखाली पाहा, मग बाहेर सावलीत नेऊन पाहा. पट्टीत कुठे हिरवं-गुलाबी दिसतं का, आणि सगळ्यात गडद तीन-चार घरं एकमेकांपासून वेगळी कळतात का, एवढंच तपासायचं. जुना प्रिंटर असेल तर नोझल चेकचं पान तुमच्यासमोर काढायला लावा. "कालच काढलंय, एकदम ओके आहे" म्हणून आधीच छापलेलं पान पुढे केलं, तर नमस्कार करून निघा.

पुढच्या आठवड्यात कागद : ग्लॉसी, मॅट आणि बरायटा.